या दुःखाचा मोर्चा निघत नाही

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला क्रांती चौक वेगळा सांगावा लागत नाही. १८५७ साली इथल्या छावणीतल्या घोडदळाच्या ज्या सैनिकांनी बंड केलं, त्यांना इथेच, काळ्या चबुतऱ्यापाशी, देहदंड दिला गेला. त्यावरून हे नाव. पुढे गावाचं जे काही दुखलं ते इथे येऊन बसू लागलं. पाण्यासाठी, पगारासाठी, पिकाच्या भावासाठी, आरक्षणासाठी. सतरंजी अंथरली जाते, फलक लागतो, घोषणा होतात, निवेदन देऊन मंडळी उठतात. बँकेत नोकरीला होतो तेव्हा संघटनेच्या निदर्शनांत मीही इथे मूठ वर करून उभा राहिलो आहे.

पण एक दुखणं असं आहे की त्याचा मोर्चा कधीच निघत नाही. ते ज्याला होतं त्याच्या अंगात अंथरुणातून उठायचं त्राण नसतं, तो फलक कुठून धरणार? आणि फलकावर लिहिणार तरी काय? ‘मला काही करावंसं वाटत नाही’? लोक हसतील. घरातले म्हणतील, खाऊनपिऊन सुखी आहात, तुम्हाला काय धाड भरलीय?

या दुखण्याला आपण नैराश्य म्हणतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, असं तीत आढळलं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत तो आहे. माझ्या गल्लीत तो माझ्याच घरी आला.

लिहायला वेळ मिळेल म्हणून मी निवृत्तीची वाट पाहिली होती. वेळ मिळाला आणि लिहिणं गेलं. अर्धी झालेली कादंबरी कपाटात पडून राहिली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडायचो. वर्तमानपत्राचं एकच पान अर्धा अर्धा तास समोर असायचं. ‘अहो, चहा गार झाला,’ असं बायकोने तीनदा म्हटल्यावर चौथ्यांदा ऐकू यायचं. दोन-तीन महिने हे चाललं, मग तिनेच मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं. कारण यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो. ते ठीक निघालं. मग गोळी सुरू झाली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात भाजीला चव आहे असं जाणवलं.

तिसऱ्या महिन्यात एक हितचिंतक भेटले. ‘अहो, या रासायनिक गोळ्या म्हणजे विष. जन्माची सवय लागेल. हे चूर्ण घ्या, शंभर टक्के नैसर्गिक.’ मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटून घ्यायचंच होतं. डोक्याची गोळी घेणं मला मनातून कमीपणाचं वाटत होतं. रक्तदाबाची गोळी मी चारचौघांत घेत असे, ही मात्र न्हाणीघरात. एका रविवारी गोळ्यांची पट्टी उचलली आणि कचऱ्यात टाकली.

चौथ्या दिवशी चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. शरीरातलं विष बाहेर पडतंय, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या आठवड्यात जुनं दुखणं परत आलं आणि येताना दुप्पट होऊन आलं. एका रात्री, आपण नसलो तर इथे कुणाचं काय अडणार आहे, हा विचार मनात आला आणि भीती अशी की तो वाईट वाटला नाही. बायको जागीच होती. तिने दिवा लावला, माझा हात धरला आणि सकाळपर्यंत सोडला नाही. सकाळी रिक्षा करून थेट दवाखाना.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. रागावले नाहीत. म्हणाले, ‘काका, गोळी सुटावी असं वाटणं चूक नव्हतं. सोडण्याची रीत चुकली. कर्जाचे हप्ते मध्येच बंद केले तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायचं का?’

बरं वाटू लागल्यावरही ही गोळी साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवावी लागते आणि सोडताना मात्रा हळूहळू उतरवत आणावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही; पण एकदम तोडल्या तर शरीर तक्रार करतं. ती तक्रारच मी विषाचा निचरा समजून बसलो होतो.

मग गोळीला नैसर्गिक पर्याय नाहीतच का? सावरल्यावर या प्रश्नाने मला घेरलं. कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात माझी हयात गेली. त्याच नजरेने मी एकेका दावेदाराकडे पाहू लागलो. तारण काय आहे? जामीन कोण?

पहिला दावेदार युरोपातला. सेंट जॉन्स वर्ट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती. जर्मनीत डॉक्टर ती लिहून देतात. २००८ साली तिच्यावरच्या २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. नेहमीच्या गोळ्यांइतकाच तिचा गुण येतो, असं त्यात दिसलं. अर्थात जर्मन भाषक देशांतले निष्कर्ष इतरांपेक्षा जास्त गोड होते. पण खरी मेख पुढे आहे. ही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. नैराश्याच्या गोळीबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं. आपल्या अश्वगंधेचंही तसंच. तिने ताण थोडा हलका होतो असं छोट्या प्रयोगांत दिसलं आहे, पण नैराश्य बरं होतं म्हणण्याइतका पुरावा नाही. आणि काहींच्या यकृताला तिने इजा झाल्याच्या नोंदी आहेत. धोतराही नैसर्गिकच असतो, हे आपली आजी जाणत होती. आपण विसरलो.

दुसरा दावेदार व्यायाम. याचे कागद भक्कम निघाले. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेले, नैराश्याने ग्रासलेले १५६ जण. काहींना गोळी, काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही. गोळीचा गुण लवकर दिसू लागला. पण सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. पुढे काही महिन्यांनी पाहिलं तर व्यायामाने बरे झालेल्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

पण ज्याला दात घासणं जड जातं त्याने व्यायाम करायचा कसा? याचं उत्तर मला आपल्या शेजारच्या गोव्यात सापडलं. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत राबवली. नैराश्याने चांगलंच ग्रासलेले ४९५ जण त्यात होते, बहुसंख्य स्त्रिया. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. थोडं प्रशिक्षण दिलेली त्याच भागातली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, एवढाच मामला. तीन महिन्यांनी या गटातल्या १०० पैकी ६४ जणांचं नैराश्य ओसरलं होतं. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हा आकडा ३९ होता. डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

या भेटींत ते करत तरी काय? आश्चर्य वाटावं इतकं साधं. आपण समजतो, आधी मन लागलं पाहिजे, मग काम होईल. नैराश्यात हे चक्र उलटं फिरतं. नको वाटतं म्हणून करायचं सोडतो, सोडतो म्हणून दिवसात आनंदाचं काही उरत नाही, आणि काही उरत नाही म्हणून अधिकच नको वाटतं. तेव्हा मनाची परवानगी न मागता एक लहानसं काम ठरवायचं आणि करायचं. तुळशीला पाणी. बहिणीला फोन. कोपऱ्यापर्यंत चालणं. केल्यावर कसं वाटलं त्याची नोंद ठेवायची. मन मागून येतं.

विदर्भातली हकिकत याहून बोलकी. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या दुखण्याविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत मागत. दीड वर्षाने सत्तावीस मागू लागले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपण ज्या मुलखातून वाचतो, तिथे लोक तोंड उघडू लागले. बोलणं हाही एक नैसर्गिक उपायच. त्याला कारखाना लागत नाही.

मी डॉक्टरांना विचारून, गोळी चालू ठेवूनच, हा प्रयोग आरंभला. एक जुनी वही काढली आणि रोजकीर्द लिहू लागलो. डावीकडे काम, उजवीकडे दहापैकी गुण. पहिल्या दिवशीची नोंद: ‘फाटकापर्यंत गेलो. १.’ दुसऱ्या दिवशी पाऊस. ‘फाटकापर्यंत, छत्री घेऊन. १.’ आठवड्याने कोपऱ्यावरचा दूधवाला आला. महिन्याने मी उस्मानपुऱ्यातून निघून, एकनाथ रंगमंदिर मागे टाकून, क्रांती चौकापर्यंत पोचलो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा नवा अश्वारूढ पुतळा बसवला आहे, भल्या उंच चौथऱ्यावर. वर पाहायला मान उचलावी लागते. कित्येक महिन्यांत मी मान उचललीच नव्हती. त्या दिवशी वहीत ‘४’ लिहिलं.

उठायची वेळ एकच ठेवली, रात्री झोप आली असो वा नसो. सकाळचं ऊन अंगावर घेतलं. योगासनं बायकोच्या आग्रहाने सुरू केली, आता ती बोलावत नाही तरी करतो. इगतपुरीच्या विपश्यनेला जाण्याची सूचनाही आली; पण मन इतकं खचलेलं असताना दहा दिवसांच्या मौनात बसू नये, असं डॉक्टर म्हणाले आणि ते बरोबर होतं. प्रत्येक चांगली गोष्ट प्रत्येक वेळी चांगली नसते.

वर्षाने डॉक्टरांनी मात्रा कमी करायला घेतली. चार महिन्यांत, पायरी-पायरीने, ती उतरली. आज मी गोळी घेत नाही. याचं सगळं श्रेय चालण्याच्या खात्यावर जमा केलं तर तो खोटा हिशेब होईल. गोळीने मला उभं केलं, चालण्याने चालतं ठेवलं. हलकं नैराश्य असेल तर कित्येकांना गोळीविनाही जमतं. पण दोन आठवडे होऊनही उदासी हटत नसेल तर आपलं दुखणं हलकं की जड, हे तज्ज्ञालाच ठरवू द्यावं. आणि जगणं नकोसं झाल्याचे शब्द कुणाच्या तोंडून निघाले तर चूर्ण, चालणं सगळं बाजूला ठेवून त्याला एकटं सोडू नये. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची सरकारी सेवा चोवीस तास चालते, १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतून बोलता येतं.

चौकात मला रोज एक गृहस्थ भेटतात. माझ्याच वयाचे, हातात काठी. एकदा उड्डाणपुलाखाली पावसात दोघे अडकलो. बोलता बोलता मी वहीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझी मंडळी गेल्यापासून मी कुणाशी एवढं बोललो नाही.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशात एक लहान वही होती.

आता आमचं संभाषण एवढंच असतं.

‘आज किती?’

‘चार.’

‘काल तीन होते ना?’

‘हो. एक वाढला.’

मग आम्ही पुतळ्याला वळसा घालून परतीला लागतो. फलक नाही, घोषणा नाही. पण दोघांचा का होईना, क्रांती चौकातून रोज सकाळी एक मोर्चा निघतो.