प्रश्न विचारणारा कोण, हे आधी विचारा!

व्यासपीठावरून खोटे बोलणारा पुढारी निदान लोकांसमोर उभा तरी असतो. त्याला जाब विचारता येतो, दुसऱ्या दिवशी सभा घेऊन त्याचे खोटे खोडून काढता येते. पण जो काहीच सांगत नाही, फक्त 'प्रश्न' विचारतो आणि प्रश्नाच्या पोटात खोटे दडवून ठेवतो, त्याला पकडायचे कसे? निवडणुकीच्या राजकारणात या धूर्तपणाला 'पुश पोल' म्हणतात. नाव जनमत चाचणीचे आणि काम बदनामीचे!

या प्रकाराचे सर्वात कुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. सन २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि सिनेटर जॉन मॅकेन यांच्यात चुरस होती. १ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायर राज्यात मॅकेन यांनी बुश यांना तब्बल १८ टक्क्यांनी मागे टाकले. पुढचा सामना १९ फेब्रुवारीला दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायनात होता. मधल्या अडीच आठवड्यांत तिथल्या मतदारांना निनावी फोन येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. मॅकेन यांना एका काळ्या स्त्रीपासून अनौरस मूल आहे असे कळले, तर तुम्ही त्यांना मत द्याल काय, अशा आशयाचा प्रश्न विचारला जात असल्याचे सांगितले गेले. हीच कुजबुज पत्रकांतूनही पसरली.

वस्तुस्थिती काय होती? मॅकेन दाम्पत्याने बांगलादेशातल्या अनाथालयातील एका मुलीला दत्तक घेतले होते. तिचा सावळा रंग प्रचारसभांत लोकांना दिसत होता. एका अनाथ लेकराला घर देण्याच्या माणुसकीच्या कृत्यालाच कलंक ठरवण्यात आले! निकाल लागला तेव्हा बुश यांना ५३ टक्के, तर मॅकेन यांना ४२ टक्के मते मिळाली. पराभवाला इतरही कारणे होती, हे मान्य. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने या बदनामीची जबाबदारी नाकारली. फोन कोणी केले, किती केले, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. लपून विचारणाऱ्याचा फायदा नेमका यातच आहे. बदनामी होऊन जाते आणि बदनामी करणारा सापडत नाही.

पण आम्हाला याहून महत्त्वाचा प्रश्न पडतो. 'काळे मूल' हे दोन शब्द शिवीसारखे वापरता आले, ते कशाच्या जोरावर? तर त्या समाजात मुरलेल्या वर्णद्वेषाच्या जोरावर! गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा त्या वर्षी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर फडकत होता. मते जातील या भीतीने मॅकेन यांनीही त्या झेंड्याबाबत स्पष्ट भूमिका घेतली नाही आणि पुढे एप्रिल २००० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ज्या द्वेषापुढे त्यांनी मान तुकवली, त्याच द्वेषाचा वापर त्यांच्या लेकीविरुद्ध झाला. अफवेचे बी कोणीही टाकू शकतो, ते उगवते मात्र द्वेषाने नांगरलेल्या जमिनीतच. जातीच्या उतरंडीखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग खरी चाचणी आणि खोटी चाचणी ओळखायची कशी? खरी चाचणी करणारे काही शे किंवा हजार-दोन हजार लोक निवडून त्यांना विचारतात. ते संस्थेचे नाव सांगतात, सर्व उमेदवारांबद्दल विचारतात, वय व शिक्षण नोंदवतात. त्यात एखादा टीकेचा प्रश्न असू शकतो. तेवढ्याने ती फसवणूक ठरत नाही. खोट्या चाचणीत मात्र हजारो घरांत फोन जातात, मिनिटभरात संभाषण संपते, एकाच उमेदवाराबद्दल वाईट ऐकवले जाते आणि उत्तर कोणी लिहूनही घेत नाही. कारण उत्तर हवे असतेच कोणाला? अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने या प्रकाराचा निषेध केला आहे, तर न्यू हॅम्पशायरने अशा फोनवर कायद्याने बंधने घातली आहेत. तरीही दुखणे संपलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा यंत्राने बनवलेला हुबेहूब आवाज फोनवरून ऐकवून मतदारांना मतदानापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न झाला.

आपल्याकडेही निवडणूक आली की सर्व्हेच्या नावाने फोन येतात. ते सगळेच फसवे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण कायदा माहीत असावा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावाच लागतो. फोनवरच्या प्रश्नावर कोणत्या मुद्रकाचे नाव असते? याच कायद्याचे कलम १२३(४) उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून केलेले खोटे विधान भ्रष्ट आचरण ठरवते. पण प्रश्न विचारणारा साळसूदपणे म्हणणार, 'मी विधान कुठे केले? मी तर फक्त विचारले!' ही पळवाट बंद झाली पाहिजे. जो नियम कागदाला, तोच फोनला लागू करा. विचारणारा कोण आणि पैसे कोणाचे, हे पहिल्याच वाक्यात सांगणे सक्तीचे करा.

तोपर्यंत पहारा आपला आपणच द्यायचा आहे. असा फोन आला तर घाबरू नका, चिडू नका. आपण कोण, कोणाच्या वतीने बोलता, हे विचारा. नंबर, तारीख, वेळ आणि प्रश्नाचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा. वस्तीतल्या आणखी कोणाला तोच फोन आला का, याची चौकशी करा आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. ऐकलेली बदनामी मात्र पुढे सांगू नका. ती पुढे सांगणारा त्या निनावी माणसाचा बिनपगारी नोकर होतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी मताचा हक्क आपल्या हाती दिला, तो विचार करून वापरण्यासाठी. कोणीतरी अंधारात उभे राहून आपल्या कानात विष ओतावे आणि आपण त्यालाच आपले मत समजावे, यासाठी नव्हे!