बॉनेटवरचा निरोप आणि त्यानंतर

२०२१च्या फेब्रुवारीत नाशिक शहर पोलिसांनी स्पाइकला निरोप दिला. बॉम्बशोधक व नाशक पथकात ११ वर्षं काढलेला हा श्वान माळांनी सजवलेल्या गाडीच्या बॉनेटवर बसला होता आणि भोवती पोलीस टाळ्या वाजवत उभे होते. तेव्हाचे गृहमंत्री, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचे अनिल देशमुख यांनी स्पाइकला जाहीर सलाम केला आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला. कौतुक रास्तच होतं. पण अशा श्वानानं इतकी वर्षं केलेलं काम किती अवघड असतं, हे त्या टाळ्यांतून कळत नाही.

नागपूरकरांच्या डोळ्यांसमोरून हे काम दरवर्षी जातं. हिवाळी अधिवेशन आलं की विधानभवनाचा परिसर, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की दीक्षाभूमी. गर्दी येण्याआधी पट्टा धरलेला हँडलर आणि पुढे नाक जमिनीला लावून चाललेला लॅब्रेडॉर. आपण थोडं बाजूला होतो आणि विसरून जातो.

स्फोटकं हुंगणाऱ्या श्वानाला सगळ्यात पक्का करून घेतात तो धडा शांत राहण्याचा. वास लागला की भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, उकरायचं नाही. जागच्या जागी बसायचं आणि हँडलरकडे बघायचं. एक पंजा चुकीचा पडला तर दोघंही उरणार नाहीत. बक्षीस काय, तर एक चेंडू किंवा खाऊचा तुकडा आणि हँडलरची पाठीवर थाप. श्वानाच्या लेखी हा खेळ आहे. जिवावरची जोखीम ठाऊक असते ती फक्त पट्टा धरणाऱ्याला. श्वान बसायच्या आधीच त्याच्या शेपटीची चाल बदलते, श्वास आखूड होतो, एका पिशवीशी तो परत वळतो. हे ओळखायला वर्षं जातात. म्हणून सापडलेल्या प्रत्येक बॉम्बचं श्रेय जोडीचं असतं, असं मी मानतो.

त्यात आपला उन्हाळा. श्वानाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड ठेवतो. आणि तोंडानं धापा टाकत असताना नाकानं नीट हुंगता येत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की शरीर सांभाळायचं की वास घ्यायचा, अशी त्याची ओढाताण होते. पहाटेची वेळ, मधली विश्रांती, गार पाणी, सावली हे लाड नव्हेत. त्यांच्याशिवाय तपासणीला अर्थच उरत नाही.

महाराष्ट्रात या कामाचं मोठेपण लोकांना पहिल्यांदा कळलं ते झंजीरमुळे. फिकट पिवळ्या रंगाचा हा लॅब्रेडॉर पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात शिकला आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबईच्या पथकात रुजू झाला. अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ला, मुंबई साखळी स्फोटांनी हादरली. २५७ माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी झंजीरनं स्फोटकं दाखवून दिली. तेव्हा तो जेमतेम चौदा महिन्यांचा होता. पुढे त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जमा झाले. त्यातला एक जरी फुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. १६ नोव्हेंबर २०००ला हाडांच्या कर्करोगानं तो गेला. वय आठ. पार्थिवावर फुलं वाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं छायाचित्र आजही लोक एकमेकांना पाठवतात.

झंजीरच्या वाट्याला निवांत म्हातारपण आलं नाही. ते आलं मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर यांच्या वाट्याला. २६/११च्या रात्री आणि नंतर मुंबईत राबलेले हे चौघे. सीझरनं छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी टाकलेले दोन हातबॉम्ब हुंगून काढले, नरिमन हाउसच्या तीन दिवसांच्या शोधातही तो होता. निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर प्राणिप्रेमींनी त्यांना सांभाळलं. २०१६मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चौघेही एकामागून एक गेले, सीझर शेवटचा. त्याला तिरंग्यात गुंडाळून निरोप दिला गेला.

विरारची ती सोय प्राणिप्रेमींच्या मायेतून झाली, आणि मला खटकतं ते इथंच. लॅब्रेडॉरला उतारवयात मागच्या पायांचं, खुब्याचं दुखणं फार. कुणाला मोतीबिंदू होतो, कुणाला वजन पेलत नाही. आयुष्यभर रोज हुकूम, शोध आणि चेंडू यांवर जगलेला जीव एकदम रिकामा बसला की खाणं सोडतो. त्याला माणूस लागतो, आणि तोही ओळखीचा. घरी न्यायचा पहिला मान हँडलरचा असावा. पण त्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं असेल आणि औषधपाण्याचा खर्च त्याच्याच पगारातून जाणार असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भातल्या पोलीस आणि वन विभागाच्या प्रत्येक निवृत्त श्वानाला तिथं आयुष्यभर मोफत उपचार मिळावेत आणि त्याला सांभाळणाऱ्या हँडलरला खुराकाचा महिन्याचा भत्ता द्यावा. राज्याच्या तिजोरीला हा खर्च जाणवणारही नाही. येत्या हिवाळी अधिवेशनात, त्या श्वानांनी तपासून दिलेल्या सभागृहातच, एखाद्या वैदर्भीय आमदारानं ही मागणी मांडावी.