जमीन शांत, छातीत धडधड

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा तालुक्यातही गावंच्या गावं कोसळली. त्यानंतर कित्येक दिवस माणसं घर शाबूत असूनही उघड्यावर झोपत होती. साधा ट्रक गेला तरी काळजात धस्स व्हायचं.

याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोका ताडतो आणि विचार करायला वेळ मिळण्याआधीच शरीराला कामाला लावतो. ॲड्रेनलिन रक्तात येतं, ठोके वाढतात, तळहातांना घाम फुटतो, पोटात गोळा येतो. श्वास भराभर चालल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आता आपण मरणार, असं वाटतं ते याच वेळी. कर्जाच्या, परीक्षेच्या काळजीनंही नेमकं हेच घडतं.

भीतीची ही लाट बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठते आणि मग ओसरते. तिच्याशी झगडू नये. नाकानं श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. लांबलेल्या उच्छ्वासानं व्हेगस मज्जातंतूमार्फत ठोके मंदावतात. पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत. चहा-कॉफी कमी करावी.

छातीत पहिल्यांदाच दुखलं, तर मात्र ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका, आधी हृदय तपासून घ्या. थायरॉइडचा विकार आणि रक्तक्षय यांनीही धडधड होते. तपासण्या ठीक असूनही भीती जात नसेल, तर टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.