हिरवा लागलाय, तरी नेट नाही

‘अहो, दिवा तर हिरवा लागलाय, मग नेट का नाही?’ सोसायटीचं ऑफिस असो, शाळेची कॉम्प्युटर लॅब असो की एखाद्या डॉक्टरांचा दवाखाना, नेटवर्कचं काम करणाऱ्याला फोनवर हा प्रश्न ऐकावाच लागतो. विचारणाऱ्याचं तसं काही चुकत नाही. हिरवं म्हणजे सगळं ठीक, हे आपण चौकातल्या सिग्नलवर शिकलेलो असतो. पण स्विचच्या पोर्टवरचा दिवा इंटरनेटबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याला ठाऊक असते फक्त एक तार, त्या पोर्टपासून पलीकडच्या यंत्रापर्यंतची. राऊटरच्या पुढे रस्ता खोदताना फायबर तुटली असेल, आयपी पत्ता चुकला असेल, बिल थकलं असेल. दिवा हिरवाच राहणार.

तारेचं तरी त्याला कसं कळतं? पिळलेल्या तांब्याच्या जोड्यांवरून इथरनेट चालवायचं टेन-बेस-टी हे मानक १९९० साली आलं. त्यात ठरलं, की पाठवायला काही नसलं तरी दोन्ही टोकांनी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीकसा स्पंद सोडत राहायचं. समोरून स्पंद येतायत तोवर दिवा लागलेला, थांबले की विझला. १९९५च्या फास्ट इथरनेटच्या मानकाने एकेका स्पंदाच्या जागी स्पंदांचा झुबका आणला आणि त्यातूनच ‘मला अमुक वेग झेपतो’ हे सांगायची सोय केली. दोघांना जमेल तो सगळ्यात वरचा वेग पक्का होतो. केबल खोचल्यावर दिवा लागायला क्षण-दोन क्षण जातात, ते याच बोलण्यांत.

म्हणूनच कॉम्प्युटर बंद असतानाही दिवा जळताना दिसतो. दुरून चालू करता यावं म्हणून नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळतच असते, आणि तेवढ्यात ते लिंक टिकवतं. वीज वाचवायला बरीच कार्डं अशा वेळी वेग खाली आणतात, त्यामुळे दिवसा हिरवा असलेला पोर्ट रात्री पिवळा झालेला दिसतो. त्यात बिघाड काही नसतो.

रंगांचा मात्र सगळा आनंदीआनंद आहे. कोणता रंग कशासाठी, याचं बंधन इथरनेटचं मानक घालत नाही. घरगुती गिगाबिट स्विचवर बहुतेकदा हिरवा म्हणजे १००० मेगाबिट आणि पिवळा म्हणजे १०० किंवा १०. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत तोच पिवळा स्थिर जळत असेल तर लिंक आहे, पण स्विचने पोर्ट अडवून धरलाय असा अर्थ. त्याच स्विचवर ‘मोड’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की तेच दिवे आता वेग दाखवू लागतात, आणि मग लुकलुकणारा हिरवा म्हणजे गिगाबिट. साफसफाई करताना कुणाचा हात त्या बटणाला लागला, तर जाणकारही क्षणभर चक्रावतो.

घरच्या माणसाने लक्ष ठेवावं ते कमी वेग सांगणाऱ्या पिवळ्यावर. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतलाय, पण स्पीड टेस्ट काही केल्या ९४-९५च्या वर जात नाही, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. दोष बहुधा केबलमध्ये असतो. शंभरच्या वेगाला चारपैकी दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला चारही लागतात. वेगाची बोलणी मात्र त्या दोन जोड्यांवरच होतात, त्यामुळे दोन्ही यंत्रं खुशाल ‘गिगाबिट जमेल’ म्हणून बसतात. प्रत्यक्षात एखादी जोडी मुकी निघते. मग बरीच यंत्रं दोन-चार प्रयत्न करून मुकाट्याने शंभरवर उतरतात. काही तेवढीही शहाणी नसतात, त्यांची लिंक नुसती येत-जात राहते. क्रिम्पिंग करताना एक तार कनेक्टरमध्ये पुरती आत गेली नाही, दाराच्या फटीत केबल चेपली, उंदराने कुरतडली, एवढं पुरतं. शिवाय बाजारात स्वस्त केबल मिळते तिच्यात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती वाकवली की लवकर तुटते आणि प्रवाहाला विरोधही जास्त करते. कंपनीशी भांडण्याआधी राऊटरची पॅच कॉर्ड बदलून पाहावी. खर्च किरकोळ, आणि गुण पुष्कळदा तिथेच येतो.

लुकलुकणं म्हणजे डेटाची ये-जा. पण एका लुकलुकीला एक पॅकेट असा हिशेब करू नये. गिगाबिट तारेवरून सगळ्यात लहान फ्रेम (इथरनेटवर पॅकेट ज्यात घालून पाठवतात ते वेष्टन) सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. डोळ्याला ते दिसणं शक्यच नाही, म्हणून आतली चिप प्रत्येक उजेड मुद्दाम लांबवते.

सगळेच पोर्ट एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि नेटवर्क ठप्प झालं, तर लूपचा संशय घ्यावा. लोंबकळणारी पॅच कॉर्ड नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणीतरी त्याच स्विचमध्ये परत खोचलेली असते. इथरनेटच्या फ्रेमला वयोमर्यादा नसते. सगळ्यांसाठी निघालेली फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते आणि तिच्या प्रती प्रत्येक पोर्टवर आदळतात. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, १९८५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी शोधला. जास्तीची वाट स्विच स्वतःच अडवून ठेवतो. कॅटॅलिस्टवर केबल लावल्यावर दिवा अर्धा मिनिट पिवळा राहतो तो यामुळेच: १५ सेकंद ऐकायचं, १५ सेकंद पत्ते शिकायचे, मग पोर्ट खुला. तेवढा धीर नसलेले लोक केबल काढून पुन्हा लावतात आणि तीस सेकंद परत पहिल्यापासून मोजायला लावतात. साध्या, स्वस्त स्विचमध्ये मात्र स्पॅनिंग ट्री सहसा नसतंच.

या दिव्यांकडे संशोधकांचीही नजर गेली. २००२मध्ये जो लॉफ्री आणि डेव्हिड अम्फ्रेस यांनी दाखवलं, की मोडेमसारख्या ज्या उपकरणांत दिवा थेट डेटाच्या तारेला जोडलेला असतो, तिथे त्याच्या उजेडावरून जाणारी माहिती दुरून वाचता येते. २०१७मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या मोर्देखाय गुरी आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली: राऊटरमध्ये घुसवलेला प्रोग्राम दिवे हवे तसे लुकलुकवून गुपितं बाहेर पाठवू शकतो. त्यावरच्या उपायांत दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावणं हाही एक आहे. बेडरूममध्ये राऊटर असलेल्या कित्येक घरांत ती आधीच लागलेली असते, कारण एवढंच की रात्री झोप लागत नाही.