मे महिन्यातील पाहुणे

उन्हाळी सुट्टी आणि लगीनसराई एकाच वेळी यावी, ही व्यापारी कुटुंबांची जुनी अडचण. मुलांना आजोळी जायचे असते आणि नेमक्या त्याच दिवसांत मामाला कापडाच्या दुकानातून मान वर करण्यास उसंत नसते. पूर्वी भाचाच दुकानात जाऊन बसे. गादीवर बसून तो कापड मोजायला शिके. उधारीचे गिऱ्हाईक कोणते नि रोखीचे कोणते, हे मामाच्या चेहऱ्यावरून ओळखू लागे. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून साडेसहाच्या आत घरून बोलावणे येई. मामा आणि मुनीमजी पाळीपाळीने जेवून येत. अक्षय्य तृतीयेस भगवान ऋषभदेवांचे पारणे उसाच्या रसाने झाले. त्या दिवशी कोणाच्या वर्षीतपाचे पारणे असले, की चार गावचे नातलग एकाच ओसरीवर उतरत.

आता भेटी होतात त्या मंगल कार्यालयात, मुक्काम हॉटेलात. यजमानास त्रास नको, ही भावना चांगलीच. पण भाच्याला मामाचे दुकान केवळ पाटीवरून ठाऊक राहते.

कुंभोजच्या बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती पाहण्यास सोलापूरहून निघालेली गाडी मिरजेवरून जाते. तेथे वृद्ध आत्या असते. गाडी दारात पाच मिनिटे थांबते, उभ्या उभ्या नमस्कार होतो. आत्याने सर्वांचा स्वयंपाक करून ठेवलेला असतो.