दोन प्लगांचा खटला आणि पेटंटचं उरलेलं आयुष्य

रिस्डिप्लाम या औषधाच्या पेटंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2025 रोजी रोश या औषध कंपनीची नॅटकोविरुद्धची याचिका फेटाळली आणि ‘नॅटको जिंकली, आता शेअर घ्यायचा का?’ असे फोन सुरू झाले. त्यातला एक आला तेव्हा मी स्वारगेटला एका गॅरेजसमोर उभा होतो. मेकॅनिक एका जुन्या पल्सरशी झटत होता. इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक प्लग. त्याने एक काढला, काजळी पुसली, टोकाची फट उजेडात धरून पाहिली. ‘‘एक बदलून भागत नाही दादा, जोडीच टाकायची.’’

या जोडीचीच गोष्ट मी फोनवर सांगितली.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने लहान इंजिनातल्या या दोन प्लगांसाठी जुलै 2002 मध्ये अर्ज केला. पेटंट मिळालं जुलै 2005 मध्ये. 2007 च्या अखेरीस टीव्हीएसने 125 सीसीची ‘फ्लेम’ आणली. तिच्यातही दोन प्लग होते, पण व्हॉल्व्ह तीन. आमचं तंत्र वेगळं, असं टीव्हीएसचं म्हणणं. फेब्रुवारी 2008 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसला गाडी एकाच प्लगवर विकावी लागली. मे 2009 मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांची खरी लढाई अंतरिम मनाईवरच होते आणि मूळ दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, अशी नाराजी व्यक्त करत रोज सुनावणी घ्यायला सांगितलं. तरीही शेवट झाला तो 2019 मध्ये, दोन्ही कंपन्यांच्या तडजोडीने. पेटंटचं आयुष्य अर्जापासून वीस वर्षं, म्हणजे तेव्हा जेमतेम तीन वर्षं उरली होती.

मधल्या काळात मूळ बजाज ऑटोचं विभाजन झालं, 2008 ची जागतिक मंदी आली. शेअरच्या चढउतारात प्लगांचा वाटा किती, हे कुणाला वेगळं काढता आलं असतं? मला तरी नाही. गाड्या कोणाच्या किती खपल्या, यावरच भागधारकाचं बरंवाईट ठरलं.

पूर्ण जिंकूनही निभावतं असं नाही. झटपट फोटोंच्या पेटंटवरून पोलरॉइडने कोडॅकला त्या धंद्यातून बाहेर काढलं, 1991 मध्ये 92.5 कोटी डॉलर वसूल केले. 2001 मध्ये पोलरॉइडच दिवाळखोरीत गेली; लोक डिजिटल कॅमेऱ्यांकडे वळले होते.

म्हणून निकालाची बातमी वाचून शेअर घेण्याला माझा विरोध आहे. वार्षिक अहवालात शेवटी ‘आकस्मिक देणी’ नावाची टीप असते, ती आधी वाचावी. खटल्यातल्या मालावर विक्रीचा किती हिस्सा अवलंबून आहे आणि पेटंटची किती वर्षं उरलीत, हे पाहावं.

नॅटकोच्या बाबतीतही न्यायालयाने नाकारली ती अंतरिम मनाई. 2025 मध्ये या औषधाची रोशची बाटली सुमारे सहा लाखांची होती, नॅटकोची 15,900 रुपयांची. रुग्णांच्या घरी यामुळे काय फरक पडेल ते मला कळतं, आणि मनापासून आनंद आहे. पण मूळ दाव्याचा निकाल या आदेशाने लागलेला नाही. तो उलटा गेला तर नुकसानभरपाईचा प्रश्न येईल, आणि वादातलं पेटंट 2035 पर्यंतचं आहे. फोनवरच्या मित्राने विचारलं, ‘‘म्हणजे दहा वर्षं?’’ तोवर मेकॅनिकने दुसरा प्लगही काढला होता.