अलीकडील काही नवलाचे शोध



शोध म्हटला म्हणजे तो विलायतेत अथवा अमेरिकेत, एखाद्या भव्य प्रयोगशाळेत लागावयाचा, आणि आपण तो चार-दोन वर्षांनी पाठ्यपुस्तकात वाचून परीक्षेपुरता पाठ करावयाचा, अशी आमच्या बहुतेक मुलांची समजूत असते. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आमचीही समजूत हीच होती. परंतु गेल्या काही वर्षांत जे नवलाचे शोध लागले, त्यांतील कित्येकांचा संबंध आमच्या जालना जिल्ह्याच्या शेजारच्या भूमीशी व आपल्याच महाराष्ट्रातील संशोधकांशी आहे. त्यांपैकी तीन-चार गोष्टी सोप्या शब्दांत सांगाव्या, आणि त्यांतून आम्हां शिक्षकांस व तुम्हां विद्यार्थ्यांस कोणता बोध घेता येतो हे पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पायांखालच्या दगडाकडे पाहू. आमच्याकडे विहीर खणू लागले म्हणजे थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. शास्त्रज्ञ त्यास बसाल्ट असे म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस बाहेर पडून तो थरांवर थर असा दख्खनभर पसरला व थिजला. त्याचाच हा पाषाण झाला. ह्याच पाषाणात, आमच्या मंठा तालुक्याच्या सीमेपलीकडे बुलढाणे जिल्ह्यात, लोणारचे सुप्रसिद्ध सरोवर आहे. त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून, काठापासून तळ सुमारे १५० मीटर खोल आहे.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ह्या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ पुष्कळ विद्वानांचा समज असा होता की, हे एका ज्वालामुखीचेच तोंड असावे. समज अगदीच निराधार नव्हता. कारण सभोवार सर्वत्र ज्वालामुखीचाच पाषाण. तथापि एक शंका उरत होती. दख्खनचे ज्वालामुखी शांत होऊन कोट्यवधी वर्षे लोटली; मग हे विवर इतके ताजे, इतके अभंग कसे राहिले? ह्याचे उत्तर १९७३ साली मिळाले. फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी विवरातील खडकांची सूक्ष्म परीक्षा केली, तेव्हा त्यांस मास्केलिनाइट नावाचा पदार्थ आढळला. खडकातील स्फटिकांवर अतिप्रचंड दाबाचा आघात एका क्षणात झाला, म्हणजे ते न वितळताच काचेसारखे होतात. तोच हा पदार्थ. असा दाब ज्वालामुखीच्या अंगी नसतो. तो आकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळणाऱ्या अशनीच्या अंगी असतो. जी वस्तू भूमीतून वर आली असे वाटत होते, ती वरून खाली आली होती! चंद्राच्या पृष्ठाचा काही भाग बसाल्टचाच आहे व त्यावर अशीच विवरे आहेत. परंतु पृथ्वीवर बसाल्टमधील असे सुरक्षित विवर अत्यंत दुर्मीळ. म्हणून ज्यास चंद्रावरील विवर अभ्यासावयाचे आहे, तो लोणारास येतो.

आता ह्या विवराचे वय किती? आम्ही अनेक वर्षे वर्गात ५२,००० वर्षे असे सांगत आलो. तो आकडा १९९७ साली एका पद्धतीने काढलेला होता. आघाताच्या वेळी जी काच तयार झाली, तिच्यात पुढे हळूहळू ऊर्जा साठत जाते; काच तापविली म्हणजे ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, व त्या प्रकाशावरून काळ मोजितात. पुढे २०११ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी निराळी पद्धत वापरिली. खडकातील पोटॅशियमचा काही अंश कालांतराने आर्गॉन वायूत बदलतो. त्या वायूच्या प्रमाणावरून त्यांनी वय काढिले, ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. म्हणजे पूर्वीच्या दहापटींहून अधिक! हे वाचून आमच्या मनास प्रथम थोडा संकोच वाटला. इतकी वर्षे इतक्या विद्यार्थ्यांस जे छातीठोकपणे सांगितले, ते आता कसे परत घ्यावे? परंतु ते परत घेणेच प्राप्त होते. आता आम्ही फळ्यावर दोन्ही आकडे लिहितो, दोन्ही पद्धती समजावून देतो, आणि मुलांस सांगतो की वस्तूचे वय बदलले नाही. बदलले ते आपले मोजमाप.

ह्याच सरोवराने २०२० साली आणखी एक चमत्कार दाखविला. त्या वर्षी जून महिन्यात त्याचे नित्याचे हिरवट पाणी पाहता पाहता गुलाबी झाले. महामारीमुळे शाळा तेव्हा बंद होत्या. मंठ्याकडील आमच्या एका विद्यार्थ्याने दूरध्वनीवरून विचारिले, “सर, आजी म्हणते, हे लवणासुराचे रक्त पुन्हा वर आले. काही अरिष्ट तर येणार नाही ना?” लवणासुराचा वध भगवान विष्णूने येथे केला, अशी त्या प्रांतातील जुनी कथा आहे, व लोणारचे दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्याच कथेचे स्मारक होय. घरोघरी भीतीचे वातावरण असताना त्या वृद्ध बाईंस असे वाटावे ह्यात नवल नव्हते. आम्ही त्या मुलास धीर दिला. आणि मोठ्या खात्रीने असेही सांगितले की, खारट पाण्यात गुलाबी दिसणारे एक शैवाल असते, त्याचाच हा रंग, दुसरे काही नाही.

वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले व ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. निष्कर्ष बाहेर आला तेव्हा आमचे उत्तर चुकीचे ठरले! रंग शैवालाचा नव्हता. तो हॅलोआर्किया नावाच्या, मिठाच्या तीव्र पाण्यातच सुखाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. उन्हाने पाणी आटले, क्षारांचे प्रमाण वाढले, आणि ह्या जीवांची एकाएकी भरभराट झाली. त्यांच्या अंगी गुलाबी रंगद्रव्य असते, त्यामुळे सारे सरोवर रंगले. मौजेची गोष्ट ही की, प्रयोगशाळेत नमुना काही काळ स्थिर ठेवताच ते जीव तळाशी बसले व वरचे पाणी नितळ झाले. अर्थात् पाणी मुळात रंगलेले नव्हतेच. रंग होता त्यातील जीवांचा.

आम्ही त्या विद्यार्थ्यास पुन्हा दूरध्वनी केला व म्हटले, “बाळ, तुझी आजी चुकली, आणि आम्हीही चुकलो.” तो हसला व म्हणाला, “मग सर, आजीला सांगतो की तुम्ही दोघेही नापास.” त्या उत्तराचा आम्हांस राग आला नाही. कारण विचार केला तेव्हा ध्यानात आले की, आजीने जुनी कथा पुढे केली आणि आम्ही जुने पुस्तक पुढे केले. पाण्याचा थेंब काचेखाली ठेवून पाहण्याचे कष्ट दोघांनीही घेतले नव्हते.

हे आर्किया म्हणजे तरी काय? दिसावयास ते जिवाणूंसारखेच असल्यामुळे पूर्वी त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. १९७७ साली कार्ल वूज ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्याने त्यांच्या पेशींतील एका मूलभूत घटकाची रचना ताडून पाहिली व दाखवून दिले की, हे एक स्वतंत्रच कुळ आहे. पुष्कळांनी प्रथम तिकडे दुर्लक्ष केले. आज ते मत सर्वमान्य आहे. उकळते झरे, तीव्र क्षार, प्राणवायू नसलेला चिखल, जेथे आपण क्षणभर टिकणार नाही, तेथे ह्यांची वस्ती. त्याच २०२० साली लोणारच्या सरोवरास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत स्थान मिळाले, हेही योग्यच झाले.

आता भूमीवरून दृष्टी आकाशाकडे नेऊ. आईन्स्टाईनने १९१६ साली असे भाकीत केले होते की, प्रचंड वस्तू वेगाने फिरू लागल्या म्हणजे अवकाशातच लहरी उठतात. ह्यांस गुरुत्वतरंग म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो ह्या यंत्रांनी अशी लहर प्रत्यक्ष टिपली. सूर्याच्या सुमारे २९ पट व ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एकरूप झाली होती, आणि सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते. ही घटना १३० कोटी प्रकाशवर्षे दूरची. लहर येथे पोहोचली तेव्हा यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेत जो फरक पडला, तो एका प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता!

इतकी क्षीण खूण गोंगाटातून ओळखावयाची कशी? आठवडे बाजाराच्या गलबल्यातही शेतकऱ्यास आपल्या बैलाच्या घुंगरांचा नाद बरोबर ओळखू येतो, कारण तो नाद कसा असतो हे त्यास आधीच ठाऊक असते. तद्वत्, येणारी लहर कशी असेल ह्याचे नमुने गणिताने आधीच तयार करून ते यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहावयाचे असतात. ही रीत बसविण्याच्या कामी पुण्याच्या आयुका संस्थेतील प्राध्यापक संजीव धुरंधर ह्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभापासून मोलाचा वाटा उचलला. तेव्हा असे तरंग कधी सापडतील की नाही, ह्याचीही पुष्कळांस शंका होती. लहर कोणत्या दिशेने आली हे नेमके कळण्यासाठी यंत्रे पृथ्वीवर दूरदूर असावी लागतात. म्हणून असेच एक यंत्र आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या परिसरात उभारावयाचे ठरले असून, केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यास सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. जेथे आपले लोक पिढ्यान् पिढ्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जातात, त्याच प्रदेशात विश्वाची सूक्ष्म चाहूल ऐकण्याची सोय व्हावयाची आहे.

शेवटचा शोध अगदी अलीकडचा, २०२५ सालचा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर ह्यांनी जेम्स वेब ह्या अवकाशातील दुर्बिणीची छायाचित्रे तपासताना एक अतिदूरची दीर्घिका हेरली व तिला अलकनंदा हे नाव दिले. तिचा व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे आहे. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. आपणांस दिसणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व अवघे सुमारे १५० कोटी वर्षांचे होते. इतक्या बालवयीन विश्वात दीर्घिका ओबडधोबड व विस्कळीत असाव्या, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. परंतु अलकनंदेस आपल्या आकाशगंगेसारख्या दोन सुडौल सर्पिल भुजा आहेत. इतकी सुव्यवस्था इतक्या लवकर कशी आली, हे कोडे आता विद्वानांपुढे आहे. ते सोडविणारा कदाचित् आज आमच्या शाळेच्या बाकावर बसला असेल.

काही पालक आम्हांस विचारितात की, अशा शोधांनी मुलांची देवावरील श्रद्धा ढासळणार नाही काय? आमचा अनुभव उलट आहे. दाविदाने मेंढरे राखताना रात्रीच्या आकाशाकडे पाहिले, तेव्हा त्यास जे तारे दिसले ते नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, फार तर काही सहस्र. तेवढ्यांनीच त्याचे मस्तक नम्र झाले. आम्हांस तर अब्जावधी दीर्घिका ठाऊक आहेत. मग आम्ही त्याहून कमी नम्र कसे राहावे? श्रद्धेस बाध येतो तो सत्याने नव्हे, तर सत्य आधीच आपल्या मुठीत आहे अशा अहंकाराने. लोणारचा दगड, त्याचे पाणी व आकाशातील ती दूरची दीर्घिका ही तिन्ही एकच धडा शिकवितात : जाणत्यांचा अंदाज चुकू शकतो, आणि चूक मान्य करणाऱ्यासच पुढचे पाऊल टाकता येते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, एक विनंती करून आम्ही हा लेख संपवितो. एक कोरी वही घ्या. आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते, शेताच्या बांधावर कोणते पक्षी केव्हा येतात, अमावास्येच्या रात्री कोणते तारे कोठे दिसतात, हे तारीखवार लिहीत जा. आणि तुमची नोंद आमच्या शिकवणीशी जुळली नाही, तर ती खोडू नका. ती घेऊन आमच्याकडे या. त्या मंठ्याच्या मुलाने आम्हांस नापास केले, त्या दिवसापासून अशा वह्यांची आम्ही मनापासून वाट पाहत आहो.